पहिल्याच भेटीत सगळ्यांना आवडलेला मुलगा

आमच्या वधूवर मंडळाच्या फॉर्मवर ‘स्वभाव’ असा एक रकाना आहे. मुलगे त्यात लिहितात ‘शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी’. मुली लिहितात ‘शांत, मनमिळाऊ, कुटुंबाची आवड’. ठाण्याच्या नौपाड्यातलं हे मंडळ माझ्या आईने सुरू केलं, आता मी चालवते. त्या रकान्यावरून कुणाचा स्वभाव कळला असं आजवर झालेलं नाही. म्हणून मी वेगळी एक वही ठेवते. कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला की दोन्ही घरांतून मला फोन येतो. त्या फोनवरचं पहिलं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवते.

पुढे कधी साखरपुडा मोडतो, कधी लग्न होऊन वर्षा-दोन वर्षांत प्रकरण कोर्टात जातं आणि तेच नाव पुन्हा माझ्याकडे येतं. तेव्हा मी ती वही काढते. नेहमी नाही, पण फार वेळा तिथे एकाच तऱ्हेचं वाक्य सापडतं. ‘फार छान बोलतो हो.’ ‘आल्या आल्या घरचाच झाला.’ ‘मुलगी एकदम मोकळी, आजींशी काय गप्पा मारल्या!’

ज्या माणसापायी पुढे घरादाराची झोप उडते, तोच पहिल्या भेटीत सगळ्यांत जास्त का आवडतो, हा प्रश्न मला कित्येक वर्षं छळत होता. वरवर सोपं उत्तर आहे: गोड बोलणारे फसवतात. पण चांगली माणसंही गोड बोलतात, आणि आवडलेली बहुतेक स्थळं सुखाने नांदतात. मग फरक कुठे पडतो? मानसोपचार क्षेत्रातल्या एका मैत्रिणीने मला यावरचं संशोधन वाचायला दिलं. तेव्हापासून आमच्या मंडळाच्या कामाची पद्धतच मी बदलत आणली आहे. ते सविस्तर लिहिते.

२००२ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेलरॉय पॉलहस आणि केव्हिन विल्यम्स यांनी तीन स्वभावदोष एकत्र मांडले. त्या त्रिकुटाला ‘डार्क ट्रायड’ हे नाव पडलं. पहिला नार्सिसिझम. मी इतरांपेक्षा वरचा, माझं कौतुक व्हायलाच हवं, मला मिळतं तो माझा हक्कच आहे, ही वृत्ती. दुसरा मॅकिअव्हेलियनिझम. माणसांकडे सोंगट्यांसारखं बघणं, कुणाला काय सांगायचं आणि काय लपवायचं याचा सतत हिशेब. तिसरा सायकोपथी. इथे खुनी माणूस डोळ्यांसमोर आणू नका. दुसऱ्याच्या वेदनेची कळ न लागणं, अपराधी न वाटणं, बेधडक उडी घेणं, एवढाच अर्थ धरा. तिन्ही वेगवेगळे, पण एकमेकांच्या सोबतीने राहतात, आणि तिन्हींच्या तळाशी समोरच्या माणसाबद्दलचा एक थंडपणा असतो. पुढे संशोधकांनी चौथा जोडला: दुसऱ्याला त्रास देण्यात मजा वाटणं.

हे आजाराचं निदान नाही. हे गुणदोष कमी-जास्त प्रमाणात प्रत्येकात असतात, तुमच्यात आणि माझ्यातही. काहींमध्ये ते फार असतात आणि तरीही ती माणसं नोकरी करतात, कर्ज फेडतात, गणपतीत पुढे होऊन वर्गणी गोळा करतात.

मला सगळ्यांत जास्त हादरवलं ते २०१० सालच्या एका जर्मन अभ्यासाने. मित्या बाक, स्टेफान श्मुक्ले आणि बोरिस एग्लॉफ यांनी एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या, नुकत्याच कॉलेजात आलेल्या मुलांना एकत्र बसवलं. एकेकाने पुढे यायचं, थोडक्यात ओळख करून द्यायची, आणि बाकीच्यांनी तो किती आवडला ते लगेच नोंदवायचं. ज्यांच्यात नार्सिसिझम जास्त, ते जास्त आवडले. का आवडले याची कारणंही त्यांनी शोधली: नीटनेटके आणि लक्ष वेधणारे कपडे, चेहऱ्यावरचं आकर्षक हसू, हालचालीतला आत्मविश्वास, बोलण्यातला विनोद. इथवर कुणालाही पटेल. पण नार्सिसिझमचे वेगवेगळे पदर सुटे करून पाहिले, तेव्हा पहिल्या नजरेत सर्वांत जास्त ओढ लावणारा पदर निघाला तो हक्क गाजवण्याचा आणि दुसऱ्याला वापरून घेण्याचा. म्हणजे पुढे जो पदर संसाराला सर्वांत जास्त जाचतो, नेमका तोच.

आता आमचा वधूवर मेळावा आठवा. हॉल, स्टेज, माईक. एकेकाने यायचं. ‘नमस्कार, माझं शिक्षण बी. ई. मेकॅनिकल, उंची पाच फूट नऊ, घोडबंदर रोडला स्वतःचा फ्लॅट, अपेक्षा अनुरूप.’ खाली पालक पुस्तिकेत नंबरापुढे टिक करतात. जर्मनीत ते प्रयोग म्हणून केलं, आपण तेच वर्षानुवर्षं लग्न ठरवायला करत आलो आहोत.

पॉलहस यांचाच १९९८ सालचा एक अभ्यास याच्या पुढे जातो. विद्यार्थ्यांचे छोटे गट दर आठवड्याला भेटत, असे सात आठवडे. आत्मप्रौढी मिरवणारी माणसं पहिल्या भेटीनंतर इतरांना मनमिळाऊ, हुशार, स्थिर मनाची वाटली. सातव्या भेटीनंतर त्याच लोकांनी त्यांना फुशारकी मारणारी, उर्मट ठरवलं. माणसं तीच, गटही तोच. मधे फक्त वेळ गेला होता.

आपल्याकडे त्या सात भेटी होतात कुठे? दोन भेटी घरात, एक तलावपाळीला नाहीतर एखाद्या मॉलमध्ये. मग मुहूर्त आणि हॉल. ठाण्यात चांगल्या तारखेला हॉल मिळवणं किती अवघड आहे हे ज्यांनी लग्न काढलंय त्यांना ठाऊक आहे. ‘ताई, मे महिन्यातली एकच तारीख मोकळी आहे, परवापर्यंत कळवायचंय,’ असा फोन आला की मला खरंच वाईट वाटतं. आयुष्यभराची गोष्ट हॉलच्या मॅनेजरच्या घाईवर ठरते.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

मुलगी ऐरोलीची, रबाळ्याला एका प्रयोगशाळेत नोकरी. मुलगा मानपाड्याचा, बँकेत. बघायला आला तो थेट आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि त्यांच्याशी नाट्यसंगीतावर बोलायला लागला. कोथिंबीर वडीची कृती विचारली. खाऊन झाल्यावर सगळ्यांच्या प्लेटा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. त्या रात्री मुलीच्या आईचा फोन आला, ‘ताई, आम्हाला मुलगाच मिळाला.’ वहीत आहे ते वाक्य.

दुसऱ्या भेटीत उपवन तलावावर त्याने तिला सांगितलं, ‘इतकी स्थळं पाहिली, तुझ्यासारखी कुणी भेटली नाही.’ तिसऱ्या भेटीत, ‘केस असे बांधू नकोस, काकूबाई दिसतेस.’ साखरपुडा झाला. एकदा ती मैत्रिणीकडे पनवेलला गेली आणि त्याला आधी सांगितलं नाही. त्याने फोन उचलणं बंद केलं. मेसेज वाचायचा, उत्तर नाही. ती रात्र रात्र फोन हातात घेऊन बसायची, आपलं काय चुकलं ते आठवत राहायची. मग एका संध्याकाळी तो ऐरोली स्टेशनबाहेर उभा. हातात गजरा, डोळ्यांत पाणी. ‘मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही.’ त्यानंतरचे काही दिवस इतके गोड की आधीचं सगळं आपल्याच मनाचे खेळ असावेत असं तिला वाटे. मग पुन्हा काहीतरी खुसपट, पुन्हा अबोला. मग फोनवर लोकेशन चालू ठेवायचं. मग पगार कुठल्या खात्यात येतो याची चौकशी.

तिने हे आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘अगं, काळजी करतो तो. हल्ली कोण एवढी काळजी करतं?’ बाबा म्हणाले, ‘एवढा मोठा पुरुष रडतो म्हणजे मनाचा किती हळवा असेल.’ आजोबा तर त्याच्यावर खूशच.

इथे आपल्याकडची एक गोष्ट त्या संशोधनात येत नाही, ती मला नीट मांडायची आहे. ते बहुतेक अभ्यास दोन माणसांमधल्या आकर्षणाचे आहेत. इंग्लंडमध्ये डरहॅम विद्यापीठातल्या २०१४ सालच्या एका अभ्यासात १२८ तरुणींना पुरुषांची वर्णनं वाचायला दिली होती. डार्क ट्रायडचे गुण जास्त असलेला पुरुष त्यांना जास्त आकर्षक वाटला. तिथे निवडणारी एक मुलगी असते. आपल्याकडे दिवाणखान्यात आठ माणसं बसलेली असतात आणि मोहिनी त्या आठही जणांवर घातली जाते. ज्याला माणसं हाताळता येतात त्याला पाच मिनिटांत कळतं की या घरात शब्द कुणाचा चालतो. नंतर मुलगी तक्रार घेऊन येते तेव्हा ज्यांच्याकडे ती धाव घेणार, ती सगळी माणसं त्याने आधीच जिंकलेली असतात. तिच्यासाठी घराचं दार तिथेच बंद होतं.

त्या मुलीचं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, ‘काकू, तो चिडायचा तेव्हा मला एवढी भीती वाटायची नाही. तो पुन्हा गोड बोलायला लागला की भीती वाटायची. कारण मग घरात माझं कुणी ऐकायचंच नाही.’

शेवटी पाहिलं ते तिच्या धाकट्या भावाने. ठाणे स्टेशनबाहेर, रिक्षाच्या रांगेत. सुट्ट्या पैशांवरून तिचा होणारा नवरा एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याला इतकं वाईट बोलला की आजूबाजूचे लोक वळले. आणि मान फिरवून या बहीण-भावाकडे बघताना चेहऱ्यावर तेच नेहमीचं हसू. रागाचा मागमूस नाही. आपल्याला राग आला की तो उतरायला वेळ लागतो, हात थरथरतो, आवाज बसतो. तसं काहीच नव्हतं. भावाने घरी येऊन एवढंच सांगितलं, ‘ताईला तिथे देऊ नका.’ साखरपुडा मोडला, हॉलची अनामत गेली, नातेवाईक बोलले. मोडला हे उत्तम झालं.

पण गोष्ट इथे संपली नाही. मोडल्यावर ती महिनोन्महिने रडत होती. घरचे वैतागायचे, ‘सुटलीस ना, मग आता रडतेस कशाला?’ याचं उत्तर माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं, कारण ‘तीच सोडत नाही त्याला, तिलाच आवडतं तसं’ असं निष्ठुर बोलणं मी चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकलं आहे.

बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचं मोठं काम प्रसिद्ध केलं. ठरलेल्या वेळी दाणा मिळतो तेव्हा कबुतर सावकाश चोच मारतं. दाणा कधी मिळेल, किती टोचांनंतर मिळेल याचा नेम नसतो तेव्हा ते थांबतच नाही, आणि दाणा बंद केल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. प्रेमाचंही तसं होतं. रोज मिळणाऱ्या मायेची सवय होते. अचानक तोडलेली आणि अचानक परत दिलेली माया माणसाला बांधून टाकते. पुढे डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८० च्या दशकात छळ सोसणाऱ्या स्त्रियांबाबत हेच मांडलं. एकाच्या हातात सगळी सत्ता, आणि छळाच्या मधेमधे प्रेमाचे झरे: या दोन गोष्टी एकत्र आल्या की घट्ट बंध तयार होतो आणि नातं तोडल्यावरही तो लगेच सुटत नाही. म्हणजे ती मुलगी दुबळी नव्हती, वेडीही नव्हती. तिच्या जागी कुणीही असतं तरी मन असंच वागलं असतं. तिला ‘विसर आता’ हे ऐकण्यापेक्षा कुणीतरी शेजारी बसणं हवं होतं. तिची आई नंतर तशी बसली. त्याबद्दल मला तिच्या आईचा आदर वाटतो.

सरासरीने पुरुषांमध्ये हे गुण जास्त आढळतात, पण स्त्रियांमध्ये नसतात असं कुणी समजू नये. कोपरीतला एक मुलगा घटस्फोटानंतर माझ्याकडे आला होता. त्याच्या बायकोने त्याच्या एकेका मित्राला त्याच्याबद्दल वेगवेगळं काहीतरी सांगून सगळे तोडले होते. ‘काकू, अंगावर वळ असता तर दाखवला असता,’ असं म्हणून तो गप्प झाला. पुरुष हे बोलत नाहीत, बोलले तर लोक हसतात. मी हसणाऱ्यांना माझ्या ऑफिसात बसू देत नाही.

हल्ली एक नवीनच प्रकार सुरू झाला आहे. पालक मोबाइलवर रील दाखवतात आणि विचारतात, ‘हा मुलगा नार्सिसिस्ट आहे का बघा ना.’ हे मला मुळीच पसंत नाही. आत्मविश्वासाने बोलणारा प्रत्येक जण असा नसतो, आणि खाली मान घालून बसलेला प्रत्येक जण साधा नसतो. काही जण स्वतःला कायम दुखावलेलं दाखवूनच घर मुठीत ठेवतात. या गुणांची बारा वाक्यांची एक छोटी प्रश्नावली आहे, २०१० सालची, तिला ‘डर्टी डझन’ म्हणतात. एकांनी ती मुलाला भरायला देऊ का असं विचारलं. नको. ती संशोधनासाठी आहे, आणि ज्याला लपवायचंय तो काय खरं लिहिणार! निदान करायचं ते तज्ज्ञांनी.

आपण करायचं ते एवढंच की वेळ द्यायचा, आणि माणूस अशा ठिकाणी पाहायचा जिथे त्याला छाप पाडून काही मिळणार नाही. अमेरिकेत निकोलस होल्ट्झमन आणि मायकल स्ट्रूब यांनी विद्यार्थ्यांचे फोटो दोनदा काढले. एकदा नटून आले तसे, एकदा साध्या टी-शर्टमध्ये, मेकअप पुसून. अंधाऱ्या गुणांचे लोक मुळात देखणे असतात असं काही निघालं नाही. नटण्याने स्वतःला जास्त खुलवायला मात्र त्यांना जमत होतं. म्हणून मी मुलामुलींना सांगते, मॉलमध्ये कशाला भेटता? ठाण्याहून संध्याकाळी सव्वासहाची लोकल पकडून एकत्र प्रवास करा. एखाद्या आजारी नातेवाइकाला बघायला सिव्हिलला जा. आणि लग्नाआधी एकदा, साध्या गोष्टीला, नाही म्हणा. ‘या रविवारी मला जमणार नाही.’ मग पुढचे दोन-तीन दिवस बघा. नकार ऐकून वाईट वाटणं ठीक आहे, थोडा रुसवाही ठीक. नकाराची शिक्षा मिळायला लागली तर मला फोन करा, रात्री उशीर झाला असला तरी.

आधीच्या मोडलेल्या स्थळाबद्दल कसा बोलतो तेही ऐका. सगळ्या आधीच्या मुली वाईटच कशा निघाल्या? आणि जुने मित्र आहेत का? शाळेतले, चाळीतले, पहिल्या नोकरीतले. बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलं की नार्सिसिझमला दोन बाजू आहेत, एक स्वतःला चमकवण्याची आणि दुसरी समोरच्याला खाली पाडण्याची. सुरुवातीला दिसते ती पहिली, आणि नाती नासवते ती दुसरी. जुन्या मित्रांना ही दुसरी बाजू माहीत असते, कारण ते पुरेसे दिवस जवळ राहिलेले असतात.

ज्यांचं लग्न झालं आहे आणि जे हे वाचताना स्वतःचं घर ओळखत आहेत, त्यांच्यासाठी. स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेला कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ सालचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. पगार काढून घेणं, अपमान करत राहणं, हे ‘घरातलं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मन सावरायला टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तो स्त्री-पुरुष सर्वांसाठी. आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. तिथे जायला वेडं असावं लागत नाही.

आता आमच्या मेळाव्याबद्दल. स्टेज आणि माईक आम्ही बंद केला आहे. सहा-सहा जणांचे गट करतो, आणि प्रत्येक गटाला काम देतो: आलेल्या ज्येष्ठांना चहा द्यायचा, खुर्च्या लावायच्या, नोंदणीच्या टेबलावर बसायचं. चहा कमी पडतो, कुणीतरी चिडतं, कुणाला घाई असते. तोच गट पुढच्या रविवारी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. काही पालकांनी नावं काढून घेतली. एक गृहस्थ म्हणाले, ‘ताई, एवढा वेळ कुणाला आहे?’ त्यांच्या मुलीने नाव परत नोंदवलं, स्वतः येऊन.

पालकांनी पहिल्या रविवारी जरूर यावं. पुढच्या दोन रविवारी घरी थांबावं, ही हात जोडून विनंती. नावनोंदणीला येताना फोटो आणि पत्रिका लागेलच. त्यासोबत मुलाच्या किंवा मुलीच्या एका जुन्या मित्राचा नाहीतर मैत्रिणीचा नंबरही, त्यांना विचारून, घेऊन या. त्यांच्याशी मी स्वतः बोलते.